मुख्याध्यापक व्हायचंय, तर मास्टर्स कुठली करावी? एम.एड., एज्युकेशनल लीडरशिप की एमबीए?

तास_चौथा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी इथेच विचारतो. मी माध्यमिकला विज्ञान शिकवतो, बी.एड. झालंय, आणि गेली काही वर्षं विभागप्रमुखाचं कामही माझ्याकडे आहे, म्हणजे बाकीच्या विज्ञान शिक्षकांचं नियोजन बघायचं, प्रयोगशाळेची खरेदी, कुणी रजेवर गेलं की बदली तास लावायचे वगैरे वगैरे. ह्या कामात मला शिकवण्याइतकाच रस वाटायला लागलाय. एक नवीन मॅडम आल्या होत्या, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास बघायचो आणि मग दोघं मिळून ठरवायचो की उद्या प्रश्न कसे विचारायचे, कुणाला विचारायचे, उत्तरासाठी किती थांबायचं. एका सत्रात तो वर्ग इतका बोलका झाला की तेव्हाच मनाशी पक्कं केलं, आपण ह्या वाटेने जायचं.

आता प्रश्न डिग्रीचा. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक म्हणतो एम.एड. कर, सगळीकडे चालतं. दुसरा म्हणतो एज्युकेशनल लीडरशिपमध्ये एम.ए. कर, एम.एड. म्हणजे शिक्षकांचे शिक्षक होण्यासाठी. तिसरा म्हणतो शाळा चालवायची म्हणजे पैसा आणि माणसं सांभाळायची, सरळ एमबीए कर. आणि एकाने तर मास्टर्स कशाला, थेट एड.डी.कडेच (म्हणजे शिक्षणातली डॉक्टरेट) बघ असं सांगितलं.

माझ्या अडचणी दोन. नोकरी सोडता येणार नाही, त्यामुळे पार्टटाइम किंवा ऑनलाइनच. आणि बायकोच्या कामामुळे पुढेमागे दुसऱ्या देशात जावं लागू शकतं. नुसता कागद नकोय, त्यातून खरंच काम शिकायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निळी_शाई:
सर, डिग्री निवडायच्या आधी एक काम करा, जिथे मुख्याध्यापक व्हायचंय तिथला पात्रतेचा नियम काढून वाचा. ऐकीव नको, मूळ नियम वाचा. कारण पदवी वेगळी आणि त्या खुर्चीत बसायचा परवाना वेगळा, आणि कित्येक ठिकाणी ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

अमेरिकेत बघा, तिथे प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. बहुतेक राज्यांत सरकारी शाळेच्या प्रिन्सिपलला मास्टर्स लागते, शिकवण्याचा अनुभव लागतो, मान्यताप्राप्त प्रोग्रॅम लागतो, काही राज्यांत वर एसएलएलए नावाची परीक्षा. म्हणजे तुम्ही एज्युकेशनल लीडरशिपची उत्तम मास्टर्स केली पण तो प्रोग्रॅम त्या राज्याने लायसन्ससाठी मान्य केलेला नसेल तर डिग्री हातात आणि अर्ज मात्र अडकलेला. अशा डिग्र्या असतात, कॉलेजच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ह्या कोर्सने लायसन्स मिळत नाही, आणि लोक ते वाचतच नाहीत.

इंग्लंडमध्ये उलट. तिथे एनपीक्यूएच म्हणून हेडशिपची व्यावसायिक पात्रता आहे, ती मास्टर्स डिग्री नाहीच. 2009 पासून पहिल्यांदा हेड होणाऱ्याला ती सक्तीची होती, 2012 मध्ये सक्ती काढली. तरी करणारे करतातच, कारण नेमणूक करणारे बघतात.

फिनलंडमध्ये परत तिसरंच, तिथे मास्टर्स हवीच, शिक्षकाची पात्रता हवी, पुरेसा अनुभव हवा आणि शिवाय शिक्षण प्रशासनाचा 25 क्रेडिटचा अभ्यासक्रम (किंवा तितकं ज्ञान दुसऱ्या मार्गाने मिळवल्याचा पुरावा).

तुम्हाला पुढे देश बदलायची शक्यता आहे ना, मग हा मुद्दा तुम्हाला बाकीच्यांपेक्षा जास्त लागू. दोन-तीन संभाव्य देश कागदावर मांडा आणि प्रत्येकासमोर लिहा की मास्टर्स लागते का, कुठल्याही विषयातली चालते का, वेगळा परवाना आहे का, बाहेरचा अनुभव धरतात का. एवढं केलंत की निम्मी नावं आपोआप गळतील. खासगी शाळांचे निकष पुष्कळदा स्वतःचे असतात, ते वेगळे विचारायचे.

गणितवाला_सर:
निळी_शाई यांनी नियमाचं सांगितलं ते शंभर टक्के. मी आत काय शिकवतात त्याबद्दल लिहितो कारण मी एम.एड. आणि नंतर लीडरशिपचा पीजी डिप्लोमा दोन्ही केलंय.

एम.एड. हा रुंद कोर्स आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अभ्यासक्रम, मूल्यमापन, संशोधन पद्धती, प्रबंध. प्रशासनाला त्यात जागा असते पण सहसा एखादा पेपर किंवा स्पेशलायझेशन. भारतात एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) 2014 च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला, आधी एकाच वर्षाचा होता, त्यामुळे नोकरी करत करायला जड जातो. पण तो करून माणूस विचार करायला शिकतो हे मी मनापासून सांगतो. एखादा नवीन उपक्रम शाळेत आणायचाय तर हा कुठून आला, ह्याने काही होतं ह्याला पुरावा काय, हे विचारायची सवय मला तिथे लागली. मुख्याध्यापकाला ती सवय फार लागते कारण दर वर्षी कुणीतरी नवीन काहीतरी विकायला दारात उभं असतं.

लीडरशिपची मास्टर्स अरुंद आणि खोल. शिक्षकांची निवड, नेमणूक, तास निरीक्षण, शाळेचा डेटा वाचणं, अंदाजपत्रक, कायदा, पालकांशी व्यवहार, बदल कसा घडवायचा. काम हेच करायचं असेल तर ही जवळची. तुम्ही भारतात असाल तर दिल्लीच्या नीपाकडेही (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था) बघा, तिथे 2012 पासून शालेय नेतृत्वाचं वेगळं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचे ऑनलाइन कोर्सेस आहेत. इग्नूचा शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाचा पीजी डिप्लोमाही नोकरी सांभाळून करणारे बरेच जण आहेत.

पण नाव काहीही असो, मी एकच गोष्ट बघेन. त्या कोर्समध्ये तुम्हाला शाळेत उभं करून काम करायला लावतात का? इंटर्नशिप म्हणा, प्रॅक्टिकम म्हणा, रेसिडेन्सी म्हणा. आणि ती कशी आहे? नुसती प्रिन्सिपलच्या मागे वही घेऊन फिरायची असेल तर काही उपयोग नाही. मला जी मिळाली त्यात एक काम असं होतं, तीन शिक्षकांचे तास बघायचे, प्रत्येकाशी नंतर बोलायचं, आणि ते बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून मार्गदर्शकांसमोर ऐकायचं. ऐकल्यावर कळतं की शिक्षकाने 'मला वाटतं गटकार्यात गडबड झाली' असं स्वतःहून म्हटलं की पुढचं वाक्य तुमचं असतं का त्याचं. तिथे थांबून 'कुठे झाली?' एवढंच विचारलं की तो शिक्षक पाच मिनिटं बोलतो आणि उपायही तोच सांगतो. मार्गदर्शक बाई रेकॉर्डिंग थांबवून थांबवून विचारायच्या, इथे तुम्ही का बोललात, इथे का थांबलात. असं काम पुस्तकातून येत नाही हो, आणि परीक्षेत तर अजिबात नाही.

शालेय नेतृत्वावर संशोधन करणाऱ्या विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2008 चं एक विश्लेषण आहे, त्यात शाळेच्या नेत्याच्या वेगवेगळ्या कामांचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो ते आधीच्या अभ्यासांवरून काढलंय. सगळ्यात मोठा परिणाम (इफेक्ट साइझ, म्हणजे परिणामाच्या सांख्यिकी मापात, 0.84) निघाला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात स्वतः सहभागी होण्याचा. साधनसामग्री, व्यवस्था वगैरे बरंच मागे. म्हणजे सर तुम्ही त्या नवीन मॅडमबरोबर जे करत होतात ना, तेच. ज्या डिग्रीत ह्या कामाला भरपूर जागा आहे ती घ्या.

रेवती_जे:
एमबीएबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी एका शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनात आहे, मुख्याध्यापक निवडीच्या मुलाखतींना बसते.

एमबीएला एकदम फुली मारू नका. शाळेच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा पगारांचा असतो, म्हणजे कुणाला किती तासिका दिल्या, कुठल्या विषयाला अर्धवेळ माणूस चालेल, एक तुकडी वाढली तर किती शिक्षक वाढतात, हे सगळे पैशाचेच निर्णय आहेत आणि पुष्कळ चांगले शिक्षक मुख्याध्यापक झाल्यावर इथेच चाचपडतात. वेळापत्रक हे अर्धं अंदाजपत्रकच असतं. एमबीए झालेल्याला ताळेबंद बघून घाम फुटत नाही, करार वाचता येतो, मोठ्या शाळासमूहात किंवा नवीन शाळा उभी करायची असेल तर ह्याची किंमत कळते.

पण तुम्ही वर्गातून शाळाप्रमुख व्हायला निघालाय, तर पहिली मास्टर्स म्हणून एमबीए मी सुचवणार नाही. ग्रिसम, एगलाइट आणि लिंडसे ह्या अमेरिकन संशोधकांचा 2021 चा प्रिन्सिपलांवरचा मोठा अहवाल आहे, त्यात प्रभावी प्रिन्सिपल काय करतात त्याचे चार भाग सांगितलेत. शिक्षकांशी अध्यापनावर केंद्रित काम, शाळेचं वातावरण, शिक्षकांना एकत्र शिकायला आणि काम करायला लावणं, आणि माणसं व साधनं ह्यांचं शहाणपणाने व्यवस्थापन. साधारण एमबीएत चौथा भाग मिळेल, दुसऱ्याचा थोडासा, पहिला आणि तिसरा कुठून आणणार? शिवाय बऱ्याच एमबीएत केस सगळ्या कंपन्यांच्या असतात. कंपनी ग्राहक निवडू शकते, नको असलेलं उत्पादन बंद करू शकते, शाळेने तसं करायचं नसतं, आलेलं प्रत्येक मूल आपलं असतं. शाळेसाठी वेगळा बेतलेला एमबीए असेल तर गोष्ट वेगळी, त्याचे विषय नीट बघा. नाहीतर लीडरशिपची मास्टर्स करून त्याला फायनान्सचा एखादा चांगला छोटा कोर्स जोडा, बहुतेकांना तेवढं पुरतं.

आणि मुलाखतीचं सांगते. डिग्री आम्ही अर्ज चाळताना बघतो, समोर बसल्यावर बघतो ते वेगळंच. 'तुमच्यामुळे शाळेत काय बदललं आणि ते कशावरून म्हणता' हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. ज्यांच्या कोर्समध्ये स्वतःच्या शाळेतला प्रश्न घेऊन काम केलेलं असतं ते पटकन ठोस बोलतात, कुठली इयत्ता, काय अडत होतं, काय केलं, काय जमलं नाही. बाकीचे व्हिजनबद्दल बोलतात.

जुना_फळा:
मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सगळ्यांचं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडतोच.

तुम्ही सगळे आधी डिग्री मग पद अशा क्रमाने बोलताय. मला वाटतं आधी जबाबदारी मग डिग्री. सिंगापूरमध्ये बघा, तिथे लीडर्स इन एज्युकेशन प्रोग्रॅम आहे, सहा महिने पूर्णवेळ, पण त्यात कुणीही अर्ज करून जात नाही, आधीच उपमुख्याध्यापक वगैरे झालेल्या आणि पुढे नेण्यायोग्य वाटलेल्या लोकांना निवडून पाठवतात. म्हणजे माणूस प्रश्न घेऊन वर्गात बसतो. ज्याने कधी दोन शिक्षकांमधलं भांडण सोडवलेलं नाही, ज्याच्यासमोर कधी चिडलेला पालक बसलेला नाही, त्याला कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचा पेपर म्हणजे नुसती व्याख्यांची यादी. तोच पेपर पर्यवेक्षक झाल्यावर वाचा, ओळ न् ओळ अंगावर येते.

त्यामुळे सर, तुमचं विभागप्रमुखपद ही चांगली सुरुवात आहे पण ते एका विषयापुरतं आहे. डिग्रीच्या आधी किंवा डिग्रीबरोबर असं एक काम मागून घ्या जे सगळ्या शाळेला लागू आहे. वेळापत्रक मागा, ते कुणालाच नको असतं, लगेच मिळेल. नाहीतर परीक्षा विभाग, नाहीतर नवीन शिक्षकांची जबाबदारी. वेळापत्रक करताना शाळेची नाडी कळते, कोण कुणाबरोबर काम करू शकत नाही, कुणाला शेवटचा तास झेपत नाही, कुठल्या वर्गाला सलग तीन तास अवघड विषय आलेत आणि ते दोन वर्षांत कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

आणि विषयातली मास्टर्स अगदीच निरुपयोगी असं कुणी समजू नका. काही ठिकाणी मुख्याध्यापकाला पदव्युत्तर पदवी लागते ती विषयातलीही चालते. विज्ञानाची खोल जाण असलेला मुख्याध्यापक विज्ञानाचा तास वेगळ्या नजरेने बघतो.

निळी_शाई:
@जुना_फळा सर, आदर ठेवून असहमत. पर्यवेक्षक झाल्यावर डिग्री करायची म्हटलं तर ती होतच नाही, मी उपमुख्याध्यापक आहे, संध्याकाळी घरी पोचल्यावर वाचायला डोळे उघडे राहत नाहीत. विशेषतः बायकांचं फार होतं हे, पद मिळेपर्यंत थांब म्हणतात आणि पद पात्रता नाही म्हणून मिळत नाही. विभागप्रमुख असताना करणं हीच योग्य वेळ आहे, प्रश्न पुरेसे असतात आणि वेळ थोडा तरी असतो. शाळाभराचं काम मागून घ्या हे मात्र अगदी पटलं, दोन्ही एकत्र चालू द्या.

जुना_फळा:
@निळी_शाई पद आणि पात्रतेच्या कोंडीचं जे लिहिलंत ते खरं आहे, मी ते शाळेत जवळून पाहिलंय. तिथे तुमचं बरोबर.

तास_चौथा:
खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. नियमांचा तक्ता आजच करायला घेतला. दोन गोष्टी अजून. एड.डी. आणि पीएच.डी.मध्ये नेमका फरक काय आणि मला त्याचा आत्ता विचार करायची गरज आहे का? आणि ऑनलाइन डिग्री बाहेर कुठे धरतात का, की पाट्या टाकल्यासारखं होतं?

संदर्भसूची:
एड.डी.चं मी सांगते, मी सध्या तेच करतेय.

एड.डी. म्हणजे काम करणाऱ्यांसाठीची डॉक्टरेट. हार्वर्डने 1921 मध्ये पहिली दिली. पण गंमत अशी झाली की पुढे कित्येक वर्षं एड.डी. आणि पीएच.डी. दिसायला सारख्याच झाल्या, तेच प्रबंध, तेच कोर्सेस. मग 2007 मध्ये अमेरिकेत कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट सुरू झाला, बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र येऊन ठरवलं की एड.डी. खऱ्या अर्थाने व्यावसायिक करायची, म्हणजे प्रबंधाचा विषय स्वतःच्या कामातला प्रत्यक्ष प्रश्न असला पाहिजे. हार्वर्डने तर एड.डी.च बंद केली, 2014 पासून तिथे संशोधनासाठी पीएच.डी. आहे आणि नेतृत्वासाठी 2010 पासूनच वेगळी एड.एल.डी., तीन वर्षांची, तिचं शेवटचं वर्ष एखाद्या शिक्षणसंस्थेत रेसिडेन्सी करण्यात जातं.

तर साधा हिशोब. विद्यापीठात शिकवायचं, संशोधन करायचं तर पीएच.डी. मोठ्या शाळासमूहाचं, जिल्ह्याचं, धोरणाचं काम करायचं तर एड.डी. एका शाळेचा मुख्याध्यापक व्हायला सहसा दोन्ही लागत नाहीत. तुम्ही आत्ता मास्टर्स करा, काही वर्षं शाळा चालवा, आणि मग एखादा प्रश्न पिच्छाच सोडत नाहीये असं वाटलं तर एड.डी. घ्या. माझं तसंच झालं, शाळा सोडून जाणाऱ्या नवीन शिक्षकांचा प्रश्न माझ्या मागे लागला आणि मी त्यावरच काम करतेय, आणि खरंच सांगते, थकवा येतो पण मजा येतेय.

गणितवाला_सर:
ऑनलाइनबद्दल. पाट्या टाकणारे कोर्स ऑनलाइन आहेत आणि ऑफलाइनही आहेत. भारतात यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, पण त्या विद्यापीठाला तो विशिष्ट कोर्स त्या पद्धतीने चालवायची परवानगी आहे का हे यूजीसीच्या यादीत बघून घ्या, जाहिरातीत नको. देश बदलताना समकक्षतेचा दाखला लागतो, भारतात परदेशी पदवी नेली तर 2025 च्या नियमांपासून यूजीसी (आधी एआययू), ब्रिटनमध्ये यूके एनिक. तिथे ऑनलाइन पदवीला काय धरतात हे फी भरायच्या आधी ईमेल करून लेखी विचारा.

आणि ऑनलाइन घेतलंत तर प्रॅक्टिकम तुमच्याच शाळेत करता येतो, हा मोठा फायदा आहे. तोटा असा की तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक तयार नसतील तर सगळंच अडतं. त्यांच्याशी आधी बोला. तास बघायला देतील का, अंदाजपत्रकाच्या बैठकीला बसू देतील का, पालकांच्या तक्रारीच्या वेळी बाजूला बसवतील का. काही कोर्स आपल्या शाळेबाहेर दुसऱ्या एका शाळेतही काही आठवडे काम करायला लावतात, ते मिळालं तर सोडू नका, एकाच शाळेत वाढलेल्या माणसाला आपली पद्धत हीच जगाची पद्धत वाटते.

तास_चौथा:
मुख्याध्यापकांशी बोललो काल. तास बघायला आणि वेळापत्रकाला लगेच हो म्हणाले (जुना_फळा सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं), अंदाजपत्रकाचं बघू म्हणाले. सध्या मनात पार्टटाइम लीडरशिपची मास्टर्स आहे, तक्त्यावरून दोन कोर्स उरलेत, दोन्ही तीन देशांपैकी दोन ठिकाणी चालतील असं दिसतंय. आता कोर्सवाल्यांना काय काय विचारू?

रेवती_जे:
छान! हे विचारा. प्रॅक्टिकमचे तास किती आणि त्यात तुम्ही स्वतः काय चालवायचं असतं. मार्गदर्शक कोण, ते कधी स्वतः मुख्याध्यापक होते का, आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी. प्रबंधाऐवजी स्वतःच्या शाळेतला प्रकल्प चालतो का. मधेच नोकरी किंवा देश बदलला तर प्रवेश गोठवता येतो का, क्रेडिट दुसरीकडे नेता येतात का. आधीच्या बॅचमधले किती जण आज उपमुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापक आहेत, आणि त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का. ह्या शेवटच्या प्रश्नाला जे लगेच नंबर देतात ते कोर्स बहुधा चांगले निघतात.

आणि बोलणं झालं की त्या माजी विद्यार्थ्यांना एवढंच विचारा, पद मिळाल्यावर पहिल्या वर्षी कोर्समधलं काय रोज वापरलंत. उत्तर इथे टाका, मलाही हवंय, आमच्याकडे दोन पर्यवेक्षिका हाच विचार करतायत.